व्याह्यांनी वरून पाहिलेलं शेत

आमच्याकडे मुलीवाले आधी शेत पाहतात, मग घर, आणि सगळ्यात शेवटी नवरदेव. शेत पाहायची एक रीत असते. उन्हं उतरल्यावर जायचं, धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं, एक चक्कर मारायची, मूठभर माती उचलून बोटांत चोळायची, विहिरीत वाकून पाहायचं, आणि आत पाणी तुडुंब असलं तरी ‘बरं आहे’ एवढंच म्हणायचं. माझ्या लग्नाच्या वेळी बाबा माझ्या सासरचं शेत असंच पाहून आले होते. परत आल्यावर मायला म्हणाले, “माती चांगली हाये. पोरगाही असंनच चांगला.” पोरगा चांगला निघाला, पण त्यात मातीचा हात किती ते मला अजून कळलेलं नाही.

म्हणून माझ्या धाकट्या भावाच्या वेळी मुलीचे वडील जेव्हा म्हणाले, की शेत पाहायला येत नाही, कंप्युटरवरच पाहतो, तेव्हा आमच्या घरात काय काय झालं ते सांगण्यासारखं आहे.

तेव्हा बीटी कपाशी आमच्या भागात येऊन थोडी वर्षं झाली होती. पहिले एक-दोन हंगाम बाबा नुसते हरखून गेले होते. बोंडावर अळी नाही आणि पाठीवर फवारणीचा पंप नाही, असं सुख त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. बियाण्याच्या पाकिटात एक लहान पुडी निघायची, साध्या कपाशीच्या बियांची. ती शेताच्या कडेनं चारही बाजूंनी लावायची, अळीला तिचा वाटा म्हणून. गावात बहुतेकांनी ती पुडी फेकून दिली. बाबांनी नेमानं लावली. “तिलेही पोट हाये,” म्हणाले.

पुढे पानं लाल पडायला लागली, एका वर्षी पावसानं दडी मारली, आणि वर्तमानपत्रात विदर्भाचं नाव रोज नको त्या कारणानं छापून यायला लागलं. आमच्या घरावर तशी वेळ आली नाही. आमच्याकडे दुसरंच संकट आलं. मुलीवाले शेतकऱ्याच्या दाराकडे फिरकेनात. शहरात वॉचमन असला तरी चालेल, पण शेतकरी नको, असं लोक तोंडावर म्हणायचे. माझा भाऊ बीए झालेला, निर्व्यसनी, शेतात जीव असलेला पोरगा. त्याला दोन ठिकाणांहून ‘कळवतो’ असा निरोप आला होता. आमच्याकडे ‘कळवतो’ म्हणजे नाही. तो वरवर हसायचा, म्हणायचा, “ताई, आता बैलाईचं लगन लावून देऊ, माह्यं राहू दे.” पण त्यानं नवा शर्ट शिवणं सोडून दिलं होतं, आणि माय त्याच्या ताटात वाढताना त्याच्याकडे पाहायचं टाळायची. हे तिसरं स्थळ गेलं तर तो चौथ्या स्थळाला उभा राहणार नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कोणी बोलत नव्हतं इतकंच.

मुलगी मेहकरातली, शिक्षिकेचा कोर्स करत असलेली. मीही लग्नानंतर मेहकरातच राहत होते आणि शाळेत शिकवत होते, त्यामुळे स्थळ मीच आणलं होतं. तिचे वडील शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर त्यांनी कंप्युटरचा कोर्स केला होता आणि त्या दिवसापासून त्यांना माणसं अधूनमधूनच दिसायची. मी शेत पाहायला या म्हणायला गेले, तर म्हणाले, “एवढ्या वैशाखाच्या उन्हात कशाला? उपग्रहातून सगळं दिसतं. रविवारी सकाळी नेट कॅफेत या, फक्त शेत कोणतं ते दाखवा.”

मी जानेफळची एसटी धरून माहेरी गेले. आमचं गाव जानेफळच्या अलीकडे, फाट्यावर उतरून थोडं चालावं लागतं. बाबांना सांगितलं तर त्यांनी आधी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग म्हणाले, “शेत काय घारीनं पाहाचं असते? माती कोणत्या बोटानं चोळन तो वरून?”

“बाबा, जमाना बदलला.”

“मंग पोट्टीही वरूनच धाडन का?”

भाऊ मात्र वेगळ्याच काळजीत पडला. त्यानं विचारलं, “ताई, रविवारी सकायी म्हंजे, आपण त्या टाइमाले काय करून राह्यलो ते दिसन का?”

आता मी चौथीला भूगोल शिकवत होते. उपग्रह पृथ्वीभोवती फिरतो आणि फोटो काढतो, एवढं पुस्तकात होतं. फोटो कधीचा असतो, ते नव्हतं. मी बाईंच्या रुबाबात सांगून टाकलं, “दिसत असेल.” तेवढं पुरलं.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मायकडून आणि चाचांकडून ते इतक्या वेळा ऐकलंय, की पाहिल्यासारखंच आहे. चाचा म्हणजे आमच्या शेताला लागून ज्यांचं शेत ते. गावातलं जुनं मुसलमान घर, कपाशी आणि तूर करणारं. बाबा त्यांना भाई म्हणायचे, ते बाबांना भाऊ म्हणायचे, आणि दिवसभर एकमेकांच्या बैलांची निंदा करायचे.

रविवारी पहाट फुटल्याबरोबर बाबांनी बैल धुतले. हिंगूळ लावून शिंगं रंगवली, पाठीवर झुली टाकल्या. चाचा पाहायला आले आणि म्हणाले, “भाऊ, वैशाखात पोया भरवून राह्यला का?” बाबा म्हणाले, “पोयाच समज. तुही जोडीही आण. चार बैल दिसले पाह्यजेत.” चाचांनी खरंच आपली जोडी आणली, शेळ्याही आणल्या. कडब्याच्या गंजीवर नवी निळी ताडपत्री घातली. मोटर चालू करून एका रिकाम्या सरीत पाणी सोडलं, शेत ओलिताचं आहे हे वरून कळावं म्हणून. बाबांनी धुवट धोतर नेसलं आणि शेताच्या मधोमध उभे राहिले. भाऊ बैलगाडीवर चढून मोबाइल हातात धरून उभा, कारण आमच्या शेतात रेंज तेवढ्याच उंचीवर यायची.

मायनं मात्र पदर डोळ्यांपर्यंत ओढून घेतला. बाबा म्हणाले, “अवं, तोंड दिसू दे.” माय म्हणाली, “वरून पाहणारे व्याहीच ना? मंग पदर नको?” ती गोठ्याच्या सावलीत अर्धी आत, अर्धी बाहेर अशी बसली. व्याह्यांना पाय तेवढे दिसले असते.

“वर पाहा, वर,” बाबा सगळ्यांना सांगत होते. चाचांनी थोडा वेळ पाहिलं, मग विचारलं, “भाऊ, टोपी ठेवू का काढू?”

इकडे मी मेहकरच्या बसस्टँडजवळच्या नेट कॅफेत. प्लायवूडची खोपटी, प्रत्येकाला पडदा, वर एक पंखा, तोही फक्त मालकाच्या बाजूनं फिरणारा. मुलीचे वडील, ज्यांना मी काका म्हणायचे, खुर्चीवर, मी स्टुलावर, आणि मुलगी आमच्या मागे उभी. तिला आणतील असं मला वाटलं नव्हतं. बोलत काहीच नव्हती, पण नजर चौकस होती.

काकांनी काहीतरी दाबलं आणि कंप्युटरच्या पडद्यावर पृथ्वी आली.

मी फळ्यावर पृथ्वी वाटीच्या कडेनं काढायची. खडूनं गोल ओढला, मधे विषुववृत्त, झालं. ही पृथ्वी काळ्याकुट्ट पोकळीत निळी, ढगांनी लडबडलेली, गरगर फिरत होती. मला एकदम भरून आलं, आणि लगेच कामाची आठवण झाली. एवढ्या मोठ्या गोळ्यावर माझ्या भावाचं शेत शोधायचं होतं, आणि त्याचं लग्न त्याच्यावर टांगलेलं होतं. आमचं शेत मला चालत जाऊन माहीत. बाभळीपासून डावीकडे, नाला उतरून, म्हसोबाच्या दगडापाशी. वरून बाभूळ कुठून ओळखावी?

काका खाली खाली येत होते. चित्र चौकोनाचौकोनांनी उघडत होतं, आधी धूसर, मग जरा स्वच्छ. वाट सापडली ती लोणारमुळे. बाकी सगळी जमीन वेडीवाकडी आणि हे सरोवर मात्र परातीसारखं गोल. इतक्या वेळा शाळेच्या सहलीत उतरले होते त्या उतारानं, पण ते इतकं गोल असेल हे मला माहीत नव्हतं. तिथून मेहकर, पैनगंगेचं वळण, मग जानेफळचा रस्ता. रस्त्यावरून बोट सरकवत मी मनातल्या मनात एसटीत बसले आणि फाट्यावर उतरले.

“इथं. हा नाला. हे आमचं.”

शेत दिसलं, काळंभोर आणि उघडं. बैल नाहीत, ताडपत्री नाही, माणूस नाही.

त्याच वेळी माझ्या पर्समधला फोन वाजला. भाऊ बैलगाडीवरून ओरडत होता. “ताई, दिसून राह्यलो का? बाबा हात हालवून राह्यले.”

“थांब जरा,” म्हटलं.

“लवकर कर. चाचाची मान आखडली. अन् शेया कडब्यात घुसल्या.”

काका चष्मा पुसून पुन्हा पाहत होते. “बैलजोडी म्हणाला होतात.”

मी पडद्याला नाक लावलं. शेताच्या कोपऱ्यात एक गडद ठिपका होता. मी तो ओळखला आणि माझं डोकंच फिरलं. तो आमचा कडुनिंब होता. आणि आमचा कडुनिंब आदल्या वर्षीच्या वादळात मुळासकट पडला होता, त्याचं लाकूड आमच्या चुलीत जळून गेलं होतं.

“काका, हे चित्र आजचं नाही. हे झाड आता नाही. हा जुना फोटो आहे.”

काकांना ते आवडलं नाही. त्यांच्या उपग्रहाला मी नावं ठेवल्यासारखं झालं. “जुना असला तरी शेत तेच ना? ओलीत म्हणता, मग हिरवं कुठंय?”

“फोटो उन्हाळ्यातलाच दिसतो. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटल्यावर हिरवं कुठून येणार?” माझा स्वर जरा चढला. माझा स्वभाव मिरचीच्या भुकटीसारखा आहे, कोणी हलवली की नाकात जाते. “माणसाचाही फोटो आंघोळ करून काढतात, झोपेतून उठवून नाही. आश्विनात पाहिलं असतं तर कळलं असतं.”

काका उठायला लागले. “ठीक आहे. कळवतो.”

झालं. बाबा तिकडे आभाळाला हात हलवत उभे होते, भाऊ बैलगाडीवर चढून बसला होता, आणि इथं तिसरं ‘कळवतो’ आलं होतं. मला रडूच यायला लागलं. कॅफेत रडणं बरं दिसत नाही म्हणून मी पर्सची चेन उघडझाक करत राहिले.

तेव्हा मागून मुलगी बोलली. “पप्पा, जरा बसा. ही रेघ कशाची?”

तिनं बोट ठेवलं होतं तिथं काळ्या जमिनीवर एक बारीक फिकट रेघ होती. आमच्या गोठ्यापासून निघालेली, धुरा ओलांडून पलीकडच्या शेतात गेलेली, आणि एका गोल ठिपक्यापाशी थांबलेली. आजूबाजूच्या सगळ्या शेतांना धुऱ्यांवर काटेरी कुंपणाच्या जाड काळ्या कडा होत्या. आमच्या आणि त्या शेताच्या मध्ये तेवढी कडा नव्हती. मीही त्या शेतात जन्म काढला, पण हे कधी पाहिलं नव्हतं.

“पाऊलवाट आहे,” मी म्हटलं.

“आणि ही विहीर? तुमचीच?”

बाबांनी त्यांना ‘ओलीत आहे’ एवढं सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. विहीर कोणाची हे काकांनी विचारलं नव्हतं आणि बाबांनी सांगितलं नव्हतं. मी हो म्हटलं असतं तर उपग्रह काही खाली उतरून सांगणार नव्हता. पण ती मुलगी माझ्याकडे सरळ पाहत होती, आणि उद्या हीच त्या विहिरीवर पाण्याला जाणार होती.

“आमची नाही. आमची विहीर होळीलाच तळ दाखवते. ही शेजारच्यांची आहे. आमची मोटर तिच्यावरच आहे.”

“बघा,” काका म्हणाले. “म्हणजे पाणीही लोकांचं.”

“ते पाणी देतात, मग त्यांना काय मिळतं?” मुलीनं मला विचारलं.

“त्यांच्या शेताला पांदण नाही, बैलगाडीचा रस्ता नाही. त्यांची बैलगाडी आमच्या शेतातून जाते. पेरणी असो, कापूस वेचून न्यायचा असो. बाबा त्यांच्या चाकोरीपुरती जागा सोडूनच पेरतात. त्याचा कधी कागद झाला नाही.”

मुलीनं त्या रेघेवरून बोट विहिरीपर्यंत नेलं. मग वडिलांना म्हणाली, आवाज न चढवता, “पप्पा, आपली विहीर तर घरचीच आहे. बारा महिने पाणी आहे. पितं कोण?”

काका पुन्हा खुर्चीत टेकले. नंतर मला सगळं कळलं. गावाकडे त्यांची आणि त्यांच्या भावाची सामाईक विहीर होती. धुऱ्यावरून दोघांचं वाजलं, कोर्ट झालं, मोटर जप्त झाली, आणि विहिरीला काटेरी तार लागली. दोन्ही भाऊ पावसाच्या भरवशावर कपाशी लावत होते आणि मध्ये पाणी नुसतं उभं होतं. त्या भांडणाला कंटाळूनच त्यांनी ठरवलं होतं, की मुलगी शेतकऱ्याला द्यायची नाही. शेत कंप्युटरवर पाहणं हा नाही म्हणायचा सुशिक्षित मार्ग होता.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग पडद्यावरची पृथ्वी बंद केली आणि मला म्हणाले, “वरून पाहून झालं. आता जेवायला शेतात कधी बोलावता?”

आमच्याकडे याचा अर्थ हो. मी फोन लावला. हसू की रडू ते समजेना, तर दोन्ही करून घेतलं. “उतर खाली,” भावाला म्हटलं. “जमलं.”

पलीकडे बैलगाडी कुरकुरली. बाबांनी वर चढून फोन हिसकावला असावा. “व्याही काय म्हणे? मी दिसलो का?”

“सगळं दिसलं, बाबा.”

“म्या म्हटलंच होतं भाईले, धोतर धुवट पाह्यजे.”

व्याही पुढच्या आठवड्यात भरउन्हात जेवायला आले, पिठलं-भाकर आणि ठेचा खाल्ला, माती बोटांत चोळली आणि ‘बरं आहे’ म्हणाले. चाचांनी त्यांना आग्रह करकरून विहिरीत वाकायला लावलं. लग्न मृगाच्या आधी उरकलं.

भावजय आमच्या घरात आली ती अशी. पुढची वर्षं सोपी गेली नाहीत. गुलाबी अळी बीटीलाही पोचली, एका हंगामात बोंडं आतून पोखरून निघाली, आणि कपाशी कमी करून सोयाबीन वाढवावं लागलं. ती शाळेत लागली, भाऊ शेतात राहिला, आणि वाईट वर्षी एकाच्या कमाईवर दुसऱ्यानं मान खाली घातली नाही. मला तिचा अभिमान वाटतो, आणि भावाचा हेवा. तिच्या वडिलांनी पुढे विहिरीची तार काढली की नाही, हे ते कधी बोलले नाहीत. पण एका संक्रांतीला त्यांच्या भावाच्या घरून आमच्याकडे वांग्यांची पाटी आली, तेव्हा मी काही विचारलं नाही.

बाबांना मात्र बरीच वर्षं खरं कोणी सांगितलंच नाही. त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं, की व्याह्यांनी आपल्याला आभाळातून पाहिलं आणि पसंत केलं. मोठ्या पडद्याचे मोबाइल घरोघर आल्यावर एका दिवाळीत, दुपारच्या फराळानंतर, ते माझ्या फोनवर वाकले. “मले दाखव त्या दिवशीचं. म्या उभा होतो ते.”

मी भावाकडे पाहिलं, भावानं छताकडे. भावजयीनं फोन घेतला, शेत काढलं. चित्र नवं होतं, पण त्यातही माणूस नव्हता. बाबांनी चष्मा वर-खाली करून शोधलं.

“मी कोठी हाये?”

“मामाजी, त्या दिवशी माणूस कोणीच दिसलं नव्हतं,” ती म्हणाली. “तो फोटो जुना होता. बैलही नव्हते दिसले.”

बाबांचा चेहरा उतरला. “मंग पसंत काय केलं तुम्ही?”

तिनं ती रेघ मोठी करून त्यांच्यापुढे धरली. गोठ्यापासून विहिरीपर्यंत, आधीपेक्षा जरा रुंद झालेली. “हे. वरून तुम्ही असे दिसता.”

बाबा त्या रेघेवरून बोट न्यायला गेले. बोट पडद्यावर ठेवलं तर चित्र सरकलं, तेव्हा त्यांनी बोट उचलून घेतलं.

“एवढी म्या एकट्यानं नाही पाडली,” ते म्हणाले. “अर्धी त्याची हाये.”

मग त्यांनी चपला घातल्या, माझा फोन दोन्ही हातांत आडवा धरला आणि चाचांना दाखवायला शेताकडे, त्याच वाटेनं निघाले.